बंतु म्हणजे आला नव्हे

माझा जन्म तुटलेल्या बोल्टांचे फोटो काढण्यात गेला. चेष्टा नाही. बेंगळूरला विमानांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी फोटोग्राफर होतो. तिथं एखादा बोल्ट तुटला, एखाद्या पत्र्याला चीर गेली, की डॉक्टरला बोलवावं तसं मला बोलवायचे. चीर असायची केसाएवढी, पण ती दिल्लीत बसलेल्या साहेबाला दिसली पाहिजे. मग मी त्या बोल्टाला काळ्या मखमलीवर निजवायचा, दोन बाजूंनी दिवे लावायचा आणि श्वास रोखून खटका दाबायचा. बोल्ट हे फार सोशिक गिऱ्हाईक. हलत नाही, डोळे मिटत नाही, आणि ‘मी एवढा जाड नाहीये हो’ अशी तक्रार करत नाही.

माणसांचं सांगू नका. आमच्या स्टोअरमधले एक गृहस्थ निरोपाच्या फोटोला वर कोट आणि खाली धोतर अशा थाटात आले. म्हणाले, “कमरेच्या वरचा काढा.” काढला. आठवड्यानं फोटो हातात घेऊन म्हणतात कसे, “सगळं छान आहे, पण माझे नवे बूट कुठायत?” त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारायला लागलो, बूट नवे आहेत का?

तर अशा या शांत बोल्टमय आयुष्यात पक्षी शिरला तो परांजपे बाईंमुळे. ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाची. बाई पुण्याच्या, आमच्या वाऱ्याच्या बोगद्यावर काम करणाऱ्या एकुलत्या एक बाई. वाऱ्याचा बोगदा म्हणजे एक लांबलचक पेटी. तिच्या एका टोकाला भलाथोरला पंखा, मधे विमानाच्या पंखाचं लाकडी प्रतिरूप टांगायचं, वारा सोडायचा आणि काय होतंय ते बघायचं. बाईंचा प्रश्न साधा होता. उतरताना विमानाचा वेग फार कमी झाला की पंखावरची हवा सुटते आणि विमान धोंड्यासारखं खाली येतं. मग पक्ष्याचं तसं का होत नाही? तर पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, आपला अंगठा असतो त्या जागी, एक लहानसं पीस असतं. उतरायच्या आधी तो ते उचलतो. त्या फटीतून हवा जाते आणि पंखाला धरून राहते. परदेशी पुस्तकांत हे लिहिलेलं होतंच. बाईंना तशी फट आपल्या छोट्या विमानाच्या पंखावर कुठं आणि केवढी ठेवावी, ते बोगद्यात करून बघायचं होतं.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, “पक्ष्याला पासिंजर न्यायचे नसतात.” झालं! दिल्लीची समिती फेब्रुवारीत येणार होती. तिला दहा मिनिटांत पटवलं तर बोगदा दोन वर्षं बाईंचा, नाहीतर बोगदा दुसऱ्याला आणि बाई ग्रंथालयात, पुस्तकांच्या याद्या करायला. हे प्रमुखांनी हसत हसत सांगितलं, त्यामुळं ते जास्त लागलं.

बाई तडक माझ्या खोलीत आल्या. “कुलकर्णी, परदेशी पुस्तकातलं चित्र दाखवलं तर ते म्हणतील, ते तिकडचे पक्षी. मला इथला पक्षी हवाय. उतरताना. आणि ते पीस उचललेलं.”

“बाई, मी बोल्टवाला माणूस.”

“म्हणूनच. केसाएवढी फट दाखवायची सवय आणखी कुणाला आहे?”

आता असं म्हटल्यावर माणूस नाही कसा म्हणेल? हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणतात ते हे.

पक्षी बाईंनीच हेरला होता. शहराबाहेर येलहंक्याच्या तलावाच्या कडेला, चिखलात आणि घोटाभर पाण्यात, हिवाळ्यात नाना तऱ्हेचे पाणथळीचे पक्षी उतरत. तुतवार, चिखल्या आणि शेकाट्या. शेकाट्या म्हणजे कबुतराएवढं अंग, पांढरं पोट, काळे पंख, आणि खाली लांबच लांब गुलाबी काड्यांचे पाय. ते पाय सांभाळायचे म्हणून स्वारी अगदी सावकाश उतरते, जिन्याची शेवटची पायरी अंधारात चाचपावी तशी. आम्हाला सावकाशच हवं होतं.

रविवारी मी मल्लेश्वरमहून सायकल मारत येलहंक्याला गेलो. लांबून पक्षी मोठा दिसेल असं भिंग आमच्याकडे नव्हतं. तेव्हा कॅमेराच पक्ष्याजवळ ठेवायचा. जर्मन बनावटीचा छोटा कॅमेरा एका बुट्टीत, म्हणजे टोपलीत, बसवला, बुट्टी चिखलानं लिंपली, वर गवत टाकलं, खटक्याला सुतळी बांधली आणि ती घेऊन तीस पावलांवर घायपाताच्या आडोशाला पालथा पडलो. गंमत अशी की एक फोटो झाला की फिल्म हातानं पुढं सरकवावी लागे. म्हणजे उठा, चिखल तुडवत जा, तोवर सगळे पक्षी पसार. परत येऊन पडा. अर्ध्या-पाऊण तासानं पक्ष्यांचा राग जाई आणि ते परत येत. सकाळभरात सहा फोटो झाले म्हणजे खूप झाले.

दुसऱ्या फोटोनंतर माझ्या डोक्यावर सावली पडली. बघतो तो एक उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस, खांद्यावर फावडं. हा मुनियप्पा. तो तिथला नीरगंटी, म्हणजे तलावाचं पाणी कुठल्या शेताला कधी आणि किती सोडायचं ते बघणारा माणूस. बापजाद्यांपासून हे काम त्यांच्याच घरात.

“स्वामी, काय हरवलंय?” त्यानं कानडीत विचारलं.

मी बेळगावकडचा. घरात मराठी, गल्लीत कानडी, त्यामुळं कानडी मला येतं, पण आमचं कानडी जरा रांगडं. मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, “कळलं. पण तुम्ही पक्ष्यांशी भांडताय कशाला?”

मग त्यानं कॅमेऱ्याबद्दल विचारलं. लोकांना छिद्र आणि वेग समजावताना माझ्या तोंडाला नेहमी फेस येतो. मी म्हटलं, यात एक भोक आहे, ते लहानमोठं करता येतं. आणि ते किती वेळ उघडं ठेवायचं ते या चकतीनं ठरतं. तो लगेच म्हणाला, “म्हणजे आमचा तूबु.” तूबु म्हणजे तलावाच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. “जास्त उघडला तर थोडा वेळ, स्वल्प उघडला तर जास्त वेळ. पाणी तेवढंच. आणि तुमची फिल्म म्हणजे शेत. काही जमीन चटकन पिते, काही सावकाश.”

मी चिखलात उठून बसलो. दहा वर्षं मी नवशिक्यांना हे शिकवत होतो आणि इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढं निवृत्त होईपर्यंत मी असंच शिकवलं. कुणाचं आहे ते मात्र सांगितलं नाही.

“मदत करतो,” मुनियप्पा म्हणाला. “पण एक फोटो मला. बायको म्हणते, दिवसभर तळ्यावर बसून करतोस काय? तिला दाखवीन.”

“एक काय, दोन देतो!”

पहिल्या रविवारचे फोटो धुतले. पक्षी होते, पण पिंजलेल्या कापसासारखे. मी कॅमेऱ्याचा वेग पाचशेवर ठेवला होता, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. एवढ्यात पक्षी गोठायला हवा. मग दोष कुणाचा? मला कॅमेऱ्याचा संशय आला. घरमालकीण अक्कांचा ग्रामोफोन मागून आणला. काळ्या तबकडीवर पांढरा दोरा चिकटवला, तबकडी फिरत ठेवली आणि तिचा फोटो काढला. तबकडीची गती ठरलेली असते, त्यामुळं दोरा फोटोत किती फिसकटला त्यावरून वेगाचं खरंखोटं कळतं. कळलं ते असं, की आमचा पाचशे हा कसाबसा अडीचशे होता. आकडा कोरलेला जर्मन अक्षरात, पण वागणूक सरकारी. अक्कांची आवडती तबकडी मात्र दोऱ्याच्या डिंकानं त्या दिवसापासून एकाच ओळीवर अडकायची. त्यांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग हजारवर वेग ठेवला, म्हणजे खरा पाचशे मिळाला. दुसऱ्या रविवारी पक्षी लख्ख आला. पण पोट धोब्याकडून आल्यासारखं पांढरंफटक आणि पंख कोळसा. काळ्या पंखावरचं काळं पीस दिसणार कसं? छिद्र वाढवून बघितलं, तर पोट उतू गेलं. कमी केलं, तर पंख आणखी बुडाला. फिल्म जास्त धुतली, कमी धुतली, पाणी कोमट केलं, गार केलं. मी एक वही घातली होती, तिच्यात प्रत्येक फोटोपुढे छिद्र, वेग, ऊन, सगळं टिपलेलं आणि शेवटच्या रकान्यात निकाल. निकालाच्या रकान्यात ओळीनं ‘बोंबला’ लिहिलेलं आहे.

त्यातला एक फोटो तर शुद्ध चूक होती. बुट्टी कलंडून कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे गेलं होतं. सूर्यासमोर फोटो काढू नये हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सगळा पक्षी काळाठिक्कर, नुसती आकृती. मी तो फेकणार, एवढ्यात बाईंनी हातातून ओढला आणि खिडकीशी नेला.

“कुलकर्णी! हे काय आहे?”

पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या जागी, दोऱ्याएवढी उजेडाची रेघ होती. अर्धवट, पुसट, पण फट होती.

“मला पीस नकोय,” बाई म्हणाल्या. “मला फट हवीय. फट उजेडानंच दिसणार ना?”

मी कपाळाला हात लावला. जन्मभर बोल्टाच्या चिरेमागे दिवा ठेवून ती दाखवली आणि पक्ष्यापुढं आल्यावर अक्कल गहाण ठेवली! सूर्यासमोर तोंड केलं की उजेड रग्गड, छिद्र बारीक करता येतं, वेग वाढवता येतो, पक्षी पुढंमागं उतरला तरी स्पष्ट येतो. तीन दुखण्यांवर एकच औषध.

पण औषधाबरोबर पथ्य आलं. आता मीही सूर्यासमोर पालथा. पाण्यावरची तिरीप थेट डोळ्यांत, मला पक्षी दिसेचना. तेव्हा असं ठरलं की मुनियप्पानं शेजारी गुडघ्यावर बसायचं, डोक्यावर कांबळं आणि डोळ्यांवर हात धरून. पक्षी आला की म्हणायचं, ‘बंतु’. बंतु म्हणजे आला. तो बंतु म्हणेल, मी दोरी ओढीन. सुतळी ताणते म्हणून आता मासे धरायची नायलॉनची दोरी लावली होती. कुठंही उशीर व्हायला नको.

तिसरा रविवार. “बंतु!” ओढली. “बंतु बंतु!” ओढली. सहाच्या सहा फोटोंत चिखल, पाणी आणि आकाश. पक्ष्याचं नख नाही. मी मुनियप्पाला म्हणालो, डोळे तपासून घे. तो म्हणाला, स्वामी, यंत्र तपासून घ्या.

सोमवारी ते सहा चिखल बाईंपुढं मांडले. समितीला दहा दिवस उरले होते. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, “तो काय म्हणतो म्हणालात?”

“बंतु. म्हणजे आला.”

“आला म्हणजे आलेला, की येत असलेला?”

“अहो, आला म्हणजे आला!”

“तसं नाही,” बाई म्हणाल्या. “आमची आई गल्लीच्या टोकाला टांगा दिसला की ओरडते, आला आला! तुम्हाला घरातून हाक मारली की तुम्ही काय म्हणता? आलो! आणि पुढं अर्धा तास पेपर वाचता.”

आता काय बोलता! मराठी काय, कानडी काय, आपण सगळे एकाच माळेचे मणी. बस वळणावर दिसली की स्टॉपवरची माणसं बंतु बंतु म्हणत पिशव्या उचलतात. लहानपणापासून मी दोन्ही भाषा बोललो, म्हणूनच मला ते ऐकू आलं नाही. मुनियप्पाचा पक्षी तलावाकाठच्या पिंपळावरून वळला की आला, आणि मी दोरी ओढून मोकळा.

चौथ्या रविवारी मी त्याला बजावलं, येताना ‘बर्ता इदे’ म्हण, येतोय म्हणून, आणि पाय पाण्याला लागतील तेव्हाच बंतु. तो मान डोलावून म्हणाला, “सरी सरी.” पण पक्षी दिसला की त्याला कुठला धीर! ‘बर्ता इदे’ म्हणेपर्यंत पक्षी टेकायचा, आणि बंतु सुटायचं ते पिंपळापाशीच. मग बंतु ऐकल्यावर मी मनात आकडे मोजून बघितले. एक-दोनवर ओढलं तर नुसते पाय आले, तीनवर ओढलं तर पक्षी आंघोळीला लागलेला. आणि बाईंचं पीस उचललं जातं ते मधल्या क्षणाला. येतोय संपलेलं आणि आला व्हायचंय, तेवढ्यात. त्या क्षणाला आपल्याकडे शब्दच नाही.

समितीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, मी पोटदुखीची रजा टाकली आणि गेलो. पाच फोटो वाया गेले. ऊन वर चढत होतं, अजून अर्ध्या तासानं सूर्य कॅमेऱ्याच्या डोक्यावर गेला असता आणि मग उजेडाची फटबिट काही नाही. पक्षी परत यायला लागले. डोळ्यांपुढं परांजपे बाई याद्या करत बसलेल्या दिसत होत्या.

मी ‘बंतु’ची वाट बघतोय, आणि मुनियप्पा गप्प. मग माझ्या मुठीतून दोरी हिसकावली गेली. त्यानं ती ओढली होती. तोंडातून चकार शब्द न काढता, तूबुचं दार ओढावं तशी एकच, बेताची ओढ.

“अरे, काय केलंस!” मी ओरडलो. पक्षी उडाले.

“सांगायला गेलो की तो उतरतो,” तो म्हणाला. “म्हणून सांगितलं नाही.”

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. शेवटच्या चौकटीत शेकाट्या होता. पंख वर, पाय खाली, पाण्याला बोटभर अंतर, आणि दोन्ही पंखांच्या कडेला सुईनं कोरावी तशी स्वच्छ उजेडाची फट. मी एकटाच नाचलो. मोठा करून वाळवला, बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी बघितला, आणि चक्क त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कसा हो पकडलात नेमका क्षण?”

आणि मी, गृहस्थ हो, म्हणालो, “सराव.”

एवढंच. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, जिभेवर आलं ते निसटलं. समितीनं फोटो हातोहात फिरवला, प्रमुख सगळ्यात मोठ्यानं ‘वा’ म्हणाले, बाईंना बोगदा मिळाला. पुढं त्यांची फट लाकडी पंखावर दिमाखात बसली, त्यावर त्यांचा निबंध झाला. फोटो काचेत घालून आमच्या मोठ्या बोळात लागला. खाली पितळी पट्टी, तिच्यावर माझं नाव. नवे साहेब आले की मला त्या फोटोपुढं उभं करून ओळख करून देत. जितकी वर्षं जात होती, तितकं खरं बोलणं अवघड होत होतं.

मुनियप्पाची त्या महिन्यात एकदा बाजारात गाठ पडली. “स्वामी, फोटो?”

“आणलाच समज!” मी सायकलवरूनच म्हणालो.

आणि नाही नेला. निगेटिव्ह बाईंकडे होतं हे पहिलं कारण. मग माझं लग्न, मग घर बदललं, मग सायकल जाऊन स्कूटर आली आणि येलहंका उलट लांबच पडायला लागलं. खरं कारण पितळी पट्टी. त्याच्या हातात फोटो ठेवताना त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार होतो?

सात-आठ वर्षांनी बाई पुण्याला परत निघाल्या. निरोपाला माझ्या खोलीत आल्या, निगेटिव्ह माझ्या हातात दिलं, ‘येते हं’ म्हणाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, “तुमच्या त्या बंतुला नमस्कार सांगा.” त्या गेल्यावर मला बसवेना. त्याच संध्याकाळी फोटोची एक प्रत काढली आणि रविवारी येलहंक्याला गेलो.

बांधाखालच्या घराच्या ओट्यावर त्याची बायको भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मुनियप्पाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी कोण ते सांगितलं, तर ती म्हणाली, “फोटोवाले? बसा.” तक्रार नाही, काही नाही. शेंगा पुढं केल्या. म्हणाली, “बांधावर सायकलची घंटी वाजली की म्हणायचे, फोटो बंतु. मी बघायची, तर दूधवाला. मी चिडवायची, कुठला फोटो नि कुठलं काय, दिवसभर तळ्यावर झोपा काढता.”

मी पाकिटातून फोटो काढून दिला. तिनं हात पदराला पुसले, फोटो उन्हात धरला, दूर धरला, जवळ धरला.

“यात ते कुठायत?”

“यात नाहीत,” मी म्हणालो. “हा फोटो त्यांनी काढलाय. दोरी त्यांनी ओढली. मी नुसता बाजूला पडलो होतो.” एवढी वर्षं अडलेलं वाक्य कानडीतून कसं सहज निघालं. त्या रांगड्या कानडीत काही लपवता येत नाही.

मग ती तळ्याच्या दिशेला मान वळवून, तिथं कुणीतरी कामात असावं तशी, नवऱ्याला ‘अहो’ म्हणून हाक मारल्यासारखं म्हणाली, “बंतु, री! फोटो बंतु.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पट्टीवरचं नाव बदला म्हणून अर्ज दिला. अर्ज फायलीत गेला. मी निवृत्त झालो तरी पट्टीवर मीच होतो. म्हणून आता आपल्या मंडळाच्या या दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या संपादकांना मी एकच अट घातली. लेख कापा, कसाही छापा, पण सोबतच्या फोटोखाली नाव माझं नको. तिथं लिहा, ‘छाया : मुनियप्पा, नीरगंटी, येलहंका.’

काल फोन करून विचारलं, नाव घातलं का? संपादक म्हणाले, “घातलंच समजा!”

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. वाचकहो, जरा फोटोखाली बघून घ्या.